मातीचा तांब्या, सोन्याचा मुलामा

आज तुम्हांला एका भांड्याची हकीकत सांगायची आहे. भांडे लहानसेच, लिटरभर पाणी मावेल एवढे. पण वर्गात वीस वर्षे इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्याने एक धडा दिला. तो धडा तुमच्याही उपयोगी पडेल, कारण असे एखादे भांडे तुमच्या घरातल्या फडताळात किंवा गावातल्या जुन्या वाड्याच्या कोनाड्यात असू शकेल.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, तुम्ही पाहिले असेल तर गुलमंडीही पाहिली असेल. सुपारी मारुतीचे दर्शन घेऊन आजूबाजूला फिरले, तर गल्ल्याबाजारांची नावे ऐकूनच शहराचे जुने धंदे कळतात. रंगारगल्ली, कासारी बाजार, कुंभारवाडा, आणि थोडे पुढे गेले की सराफा. आज तिथे नाना तऱ्हेचा माल मिळतो, पण नावांनी जुनी वाटणी जपून ठेवली आहे. धातूचे भांडे कासाराकडचे, मातीचे कुंभाराकडचे, सोने सराफाकडचे. आता मला सांगा, जे भांडे दिसायला कासाराचे, अंगाने कुंभाराचे, आणि ज्याच्यावर सराफाकडचे सोने आहे, ते कोणत्या गल्लीत ठेवायचे?

असे भांडे गुलमंडीमागच्या एका गल्लीत माझ्या आत्याच्या घरी होते. म्हणजे आहे, पण पूर्वीसारखे राहिलेले नाही. फुगीर पोट, आखूड गळा, पुढे ओतायला चोच, मागे धरायला कान. अंगभर लालसर, तांब्यासारखी चकाकी. पोटाभोवती निळा पट्टा आणि त्यावर फुलांची उठावदार वेल. इंग्रजीत अशा भांड्याला जग म्हणतात. घरात मात्र त्याचे नाव ‘साहेबाचा तांब्या’. छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाची बदली झाली, त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात आत्याच्या आजेसासऱ्यांनी तो घेतला, असे घरात सांगत आले आहेत.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी त्यांच्याकडे गेलो होतो. आत्या देवळात गेली होती. तिची नात भांडी घासत बसली होती. पितळेचे डबे, समया, घंगाळ, सगळे अंगणात मांडलेले. मी म्हटले, “अगं, तो साहेबाचा तांब्याही काढ. किती काळवंडलाय! तांब्याचं भांडं असं ठेवतात का?” निळा पट्टा आणि वेल पाहून तो मीनाकामाचा प्रकार असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली. पोरगी गुणी, तिने ऐकले. चिंच लावली, विटकरीची भुकटी घेतली आणि काथ्याने खसाखसा घासले. पाचच मिनिटांत ती म्हणाली, “काका, हे उजळत नाहीये, उलट जातंय!” मी पाहिले. तळहाताएवढ्या जागेत चकाकी निघून गेली होती आणि खाली कौलासारखा तपकिरी रंग दिसत होता.

आत्या परत आली. भांडे हातात घेऊन तिने ते नुसते फिरवून पाहिले. मग म्हणाली, “अरे, हा तांब्याचा नाही रे. मातीचा आहे. सासूबाई ओल्या फडक्याशिवाय हात लावू देत नसत. मला विचारायचं तरी होतंस.”

रागावली असती तर बरे वाटले असते. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण मी मुलांना कितीदा सांगितली असेल! त्या दिवशी फसलो मी, आणि नुकसान झाले तिचे.

त्यानंतर मी या प्रकाराच्या मागे लागलो. जे हाती आले ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट काचलेपाची. आपला कुंभार माठ घडवतो, वाळवतो, आव्यात भाजतो. तो माठ सच्छिद्र असतो. पाणी झिरपते, बाहेर येऊन वाऱ्याने उडून जाते, आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी गार. उन्हाळ्यासाठी याहून चांगली युक्ती नाही. पण तेल, लोणचे, दूध ठेवायचे तर हीच छिद्रे आडवी येतात. मग भाजलेल्या मातीवर बारीक दळलेली गारगोटी आणि ती वितळवणारे क्षार किंवा शिसे यांचे पातळ कालवण लावतात आणि पुन्हा भाजतात. ते वितळून अंगावर काचेचा थर बसतो. हाच काचलेप. लोणच्याच्या बरणीची गुळगुळीत पाठ म्हणजे हाच थर. तो पाणी अडवतो, रंग धरून ठेवतो, पण धातूसारखा चमकत नाही.

धातूची चकाकी आणायची युक्ती त्याच्यावरची. तिला इंग्रजीत ‘लस्टर’ म्हणतात. मातीच्या भांड्यावर ती पहिल्यांदा साधली सुमारे अकराशे-बाराशे वर्षांपूर्वी, नवव्या शतकात, आजच्या इराकात. काचलेप दिलेले, भाजून तयार झालेले भांडे घ्यायचे. चांदीचे आणि तांब्याचे क्षार गेरूसारख्या मातीत कालवून त्याने भांड्यावर चित्र काढायचे. मग भांडे पुन्हा भट्टीत ठेवायचे, पण या वेळी आच मंद ठेवायची आणि हवा कोंडून धूर करायचा.

धूर कशाला? हे तुमच्या गावचा कुंभार तुम्हांला माझ्याहून चांगले सांगेल. आव्याला वारा मिळाला की मडकी लाल होतात. आवा झाकून धूर कोंडला की तीच माती काळी पडते. मातीत लोह असते. हवेतला प्राणवायू मिळाला की लोहाचा तांबडा गंज तयार होतो आणि मडके लाल दिसते. धूर कोंडला की धुरातला वायू प्राणवायूसाठी भुकेलेला असतो. तो मातीतल्या गंजाकडूनच प्राणवायू ओढून घेतो. शिवाय काजळीही मातीत मुरते आणि मडके काळे होते. लस्टरच्या भट्टीत हाच वायू चांदीच्या आणि तांब्याच्या क्षारांकडून प्राणवायू काढून घेतो. मागे उरते शुद्ध चांदी, शुद्ध तांबे. तेही अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने, काचलेपाच्या वरच्या कातडीत रुतून बसलेले. भांडे गार झाले की वरची जळकी माती पुसायची. खाली चित्र सोन्यासारखे झळकते.

ऐकायला सोपे वाटते. पण आच थोडी वाढली तर काचलेप विरघळून माती त्याला चिकटते. धूर कमी पडला तर चमक येतच नाही. पुष्कळ भांडी वाया जात. म्हणून ही विद्या घराण्यांतून चालत राहिली. इराक, मग इजिप्त, मग इराण असा तिचा प्रवास झाला. इराणात काशान नावाचे गाव या कामासाठी नावाजले. तिथल्या एका कुंभार घराण्यातल्या अबुल कासिम याने १३०१ साली आपल्या घरच्या कामाची कृती लिहून ठेवली, आणि ती आज उपलब्ध आहे. शिक्षक मित्रांनी याची विशेष नोंद घ्यावी. हातांतली विद्या कागदावर उतरली, म्हणून सातशे वर्षांनी आपल्याला ती वाचता येते. पुढे हे काम स्पेनात आणि इटलीतही पोचले.

काचलेपाच्या कामाची ओळख आपल्या मुलखालाही जुनीच आहे. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्यात चिनी महाल आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन याला १६८७ नंतर औरंगजेबाने तिथेच कैदेत ठेवले होते. त्या महालाला हे नाव पडले ते भिंतींवरच्या निळ्या चिनी फरशांमुळे. मुलांची सहल तिकडे गेली तर नुसते ‘इथे सुलतान कैदेत होता’ एवढे सांगून पुढे जाऊ नका. भिंतीवर उरलेले निळे तुकडे दाखवा. ते लस्टर नव्हे, साधा रंगीत काचलेप आहे. पण माती, काच आणि आच यांचे नाते त्यावरून मुलांना कळेल.

आता आत्याच्या तांब्याकडे वळू. तो इराणचा नव्हे. त्याची घडण, निळा पट्टा आणि उठावाची वेल सांगते की तो इंग्लंडचा, एकोणिसाव्या शतकातला. इंग्लंडात स्टॅफर्डशायर म्हणून कुंभारकामाचा मोठा परगणा आहे. तिथे १८००च्या नंतर लवकरच चकाकीची एक वेगळी रीत चालू झाली.

ती अशी. सोने साध्या तेजाबात विरघळत नाही. दोन तेजाबे ठराविक प्रमाणात मिसळून जे अम्लराज होते, त्यात मात्र विरघळते. सराफ्यातल्या जुन्या कारागिरांना हे नवीन नाही. हे विरघळलेले सोने गंधक आणि टर्पेंटाइन यांसारख्या तेलकट द्रव्यांत मिसळायचे, आणि ते पातळ मिश्रण काचलेप दिलेल्या भांड्यावर कुंचल्याने फिरवायचे. मग हलक्या आचेवर भाजायचे. तेल जळून जाते आणि जळताना धुराचे काम तेच करते. त्यामुळे भट्टी कोंडावी लागत नाही. मागे उरतो सोन्याचा एक पापुद्रा.

तुम्ही विचाराल, सोने लावले तर भांडे सोन्यासारखे दिसायला हवे. ते तांब्यासारखे कसे? उत्तर पापुद्र्याच्या पातळपणात आहे. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचे शेकडो भाग करा. त्यांतल्या एका भागाएवढी त्याची जाडी. इतक्या पातळ सोन्यातून प्रकाश थोडा परततो आणि थोडा आरपार जातो. आरपार गेलेला प्रकाश खालच्या तपकिरी मातीचा रंग घेऊन येतो. सोन्याची चमक आणि मातीचा तपकिरी रंग एकत्र झाले की डोळ्यांना तांबे दिसते. तेच मिश्रण पांढऱ्या भांड्यावर लावले तर गुलाबी किंवा जांभळट रंग येतो, कारण सोन्याचे अतिसूक्ष्म कण तांबूस दिसतात. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८५७ साली सोन्याच्या कणांचा हा गुण तपासून मांडला. स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी मात्र त्याआधीच पन्नास वर्षे तो वापरून पैसे मिळवले होते!

चांदीसारखी भांडीही ते करीत. पण त्यांत चांदी नसे, प्लॅटिनम असे. याचे कारण घरातल्या बायकांना ठाऊकच आहे: चांदीचे पैंजण काळे पडतात. हवेतले गंधक चांदीला खाते. प्लॅटिनमला ते काही करीत नाही. ज्यांना खरी चांदी परवडत नव्हती, ती कुटुंबे ही भांडी घेत. पुढे १८४०च्या सुमारास विजेच्या साहाय्याने धातूवर चांदी चढवण्याची रीत निघाली, तशी या रुपेरी मातीच्या भांड्यांची मागणी ओसरली. तांबड्या चकाकीची भांडी मात्र शेतकऱ्यांच्या घरांत, खानावळींत पुष्कळ दिवस चालू राहिली. म्हणजे आत्याचा ‘साहेबाचा तांब्या’ राजवाड्यातला मुळीच नव्हे. तिकडच्या साध्या माणसांच्या घरचे ते भांडे.

मग आमच्या घासण्याने काय झाले? तांब्या-पितळेवर हवेमुळे काळपट थर चढतो. चिंचेतले आम्ल तो थर विरघळवते आणि खालचा धातू उजळ दिसतो. त्या धातूची जाडी पुष्कळ असते. वर्षानुवर्षे घासले तरी भांडे पुरून उरते. आत्याच्या तांब्यावर विरघळवण्यासारखा थरच नव्हता. चिंचेला सोने जुमानत नाही. दोष चिंचेपेक्षा विटकरीच्या भुकटीचा आणि काथ्याचा. केसाच्या शेकडोव्या भागाएवढा पापुद्रा त्यांच्यापुढे किती टिकणार? मला जो काळवंडलेपणा दिसला तो नुसत्या धुळीचा आणि चुलीच्या धुराचा होता. ओल्या फडक्याने तो गेला असता.

आपल्याकडच्या बिदरी कामाशी याची तुलना करून पाहा. बिदरीत जस्ताच्या मिश्र धातूवर नक्षी कोरतात आणि त्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. त्या चांदीला जाडी असते, बैठक असते. लस्टरला बैठक अशी नाहीच. गेलेला पापुद्रा घरी परत आणता येत नाही. वरून सोनेरी रंग फासला तर भांडे आणखी बिघडते.

आता कामाच्या चार गोष्टी.

घरातले भांडे धातूचे की मातीचे, हे ठरवायला परीक्षा लागत नाही, सवड लागते. नखाने हलकेच टिचकी मारा. धातूचा नाद लांबतो, मातीचा चटकन थांबतो. मग उलटे करून तळ पाहा. तळाच्या कडेला बहुधा काचलेप झिजलेला असतो आणि भाजकी माती दिसते. टवका उडाला असेल तर प्रश्नच मिटला. आतली बाजू पाहा. चकाकी अनेकदा बाहेरच असते आणि आत साधा तपकिरी किंवा पांढरा काचलेप असतो. तळाशी ‘इंग्लंड’ असे इंग्रजीत लिहिलेले असेल, तर भांडे बहुधा १८९१ नंतरचे. कारण त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचे नाव छापणे सक्तीचे झाले. जुन्या भांड्यांवर पुष्कळदा काहीच छाप नसतो. आणि जुन्यासारखी दिसणारी नवी भांडीही विसाव्या शतकात निघाली आहेत, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट, जपण्याची. राख, विटकर, वाळू, तारेची घासणी, भांड्यांची पावडर, यांतले काही नको. कोमट पाण्यात मऊ फडके भिजवून, पिळून, त्याने पुसावे आणि कोरड्या फडक्याने टिपावे. उचलताना कान धरून उचलू नये; पोटाखाली हात द्यावा. जुन्या भांड्याचा कान हाच त्याचा दुबळा भाग.

तिसरी गोष्ट प्रकृतीची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. अशा जुन्या भांड्यांच्या काचलेपात बहुधा शिसे असते. ताक, चिंचेचे सार, लिंबाचे सरबत, लोणचे, असे आंबट पदार्थ त्यात ठेवले की शिसे थोडे थोडे पदार्थात उतरते. ते शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूला विशेष अपाय करते. म्हणून अशा भांड्यात खाण्यापिण्याचे काही ठेवू नका. ते पाहण्यासाठी राहू द्या.

चौथी गोष्ट विकण्याची. वाड्यांतून जुने सामान घेत फिरणारे लोक येतात. फुटके समजून अशी वस्तू वजनावर देऊन टाकू नका, आणि चमक पाहून लाखाची आशाही धरू नका. इंग्लंडची ही भांडी पुष्कळ निघाली होती. त्यांची बाजारातली किंमत फार नसते. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंसाठी १९७२चा कायदा आहे. त्याखाली येणारी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. शंका असेल तर वस्तुसंग्रहालयात किंवा पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात दाखवून मगच निर्णय घ्यावा.

शिक्षक मित्रांना एक विनंती. लस्टरचे भांडे शाळेत आणायची गरज नाही. घमेल्यात पाणी घ्या, त्यावर रॉकेलचा किंवा डिझेलचा एकच थेंब टाका. पाण्यावर रंगांची झाक पसरेल. इतकीशी वस्तू एवढ्या जागेत पसरली म्हणजे किती पातळ झाली असेल, याचा हिशेब मुलांना करू द्या. मग त्यांना कुंभाराच्या आव्यावर न्या, आणि लाल मडके व काळे मडके एकाच मातीचे कसे, हे त्याच्या तोंडून ऐकवा. रसायनशास्त्राचा तो धडा मुले विसरणार नाहीत. कुंभारालाही बरे वाटेल.

आणखी एक करा. मुलांना सांगा, घरातली एक जुनी वस्तू निवडा आणि आजीला किंवा आजोबांना तीन प्रश्न विचारा: ही कुठून आली, कोण वापरत होते, आणि हिला कसे जपायचे? उत्तरे वहीत लिहून तारीख घाला. मी एवढा इतिहास शिकवतो, पण तो तिसरा प्रश्न मी आत्याला विचारला नव्हता. उत्तर तिच्याजवळ तयार होते, तिच्या सासूकडून आलेले.

आत्याचा तांब्या अजून त्याच कोनाड्यात आहे. घासलेली बाजू भिंतीकडे करून ठेवू या, असे मी म्हटले होते. ती म्हणाली, “नको, राहू दे समोर. येणाऱ्याला कळेल तरी, आत काय आहे ते.” तिच्या नातीने आता एका वहीत घरातल्या साऱ्या जुन्या वस्तूंची यादी करायला घेतली आहे. पहिल्या पानावर तिने लिहिले आहे: साहेबाचा तांब्या, मातीचा, घासू नये.